साडेबत्तीस

पेपर देऊन बाहेर आल्यावर उत्तरं जुळवत बसू नये, हे बारावीच्या पोरांना सगळेच सांगतात. मास्तर सांगतात, आया सांगतात, आणि कर्जत-कशेळे जीप चालवणारा चांगोसुद्धा सांगतो, कारण परीक्षेच्या दिवसांत त्याच्या जीपमध्ये एक तरी पोरगी वाटेतलं कडाव येईपर्यंत मुसमुसत बसलेली असते आणि बाकीचे पॅसेंजर त्याच्याकडे असे बघतात की जणू त्यानेच तिला काही म्हटलंय. पण सांगून ऐकलं तर ती बारावी कसली! दोनला फिजिक्सचा पेपर सुटला आणि सव्वादोनला जीपमध्ये जुळवाजुळव सुरू झालीही होती.

अपेक्षा मधल्या सीटवर खिडकीशी बसली होती. आज कुणाचं काही ऐकायचं नाही, असं तिने सकाळीच ठरवलं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. जानेवारीतल्या सराव परीक्षेत तिला फिजिक्समध्ये सत्तरपैकी तेरा पडले होते. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले आणि वर "यातले दोन माझ्या दयेचे" अशी पुरवणीही जोडली. घरी कुणी ओरडलं नाही, हे त्याहून वाईट झालं. आई नुसती म्हणाली, "नागूभावजींना विचारून ठेवूया."

नागूकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ. पळसदरीच्या धरणाजवळ एका रिसॉर्टवर सुपरवायझर होता. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यायची, त्यांची नावं लिहून घ्यायला आणि खोल्यांच्या चाव्या द्यायला काउंटरवर एक मुलगी हवी होती. काका एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. त्याने सांगून टाकलं, "फिजिक्सचा पेपर झाला की त्याच दिवशी मला कळव. सुटनार असशील तर पुढं शीक, मी आड येनार नाय. नसशील सुटनार तर होळीनंतर कामाला ये. पन आजचं उद्या केलंस तर मालक दुसरी बघंल."

अपेक्षाला ते काउंटर नको होतं. त्यात वाईट काही होतं असं नाही, पण तिला बी. एस्सी. करायचं होतं आणि दुसऱ्यांच्या सुट्टीच्या चाव्या सांभाळत जन्म काढायचा नव्हता. म्हणून ती दीड महिना अशी अभ्यासाला बसली होती की आईलाच काळजी वाटायला लागली. सगळा विषय होणार नव्हताच. तिने सात धडे धरले आणि बाकीचे देवाला वाहिले.

आज तिने लिहिलंही होतं बऱ्यापैकी. बाहेर येताना मनातल्या मनात बेरीज केली तेव्हा सगळं एका गणितावर येऊन ठेपलं. चार मार्कांचं, नळीचं गणित. ते बरोबर असेल तर आपण सुटलो. चूक असेल तर लटकलो. बाकी कुणाचं काय आलं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

"नळीवाल्याचं काय आलं रं?" मागच्या सीटवरून देवेशने विचारलंच.

नळीचं गणित असं होतं : दोन्ही तोंडं उघडी असलेली एक नळी आहे, तिच्यातून निघणाऱ्या सुरावरून तिची लांबी काढा. पहिली पायरी सोपी, तेहेतीस सेंटिमीटर येतात. पण सूर काही नळीच्या तोंडापाशी गुमान थांबत नाही, तो जरासा बाहेर डोकावतो. तो जरासा म्हणजे दीड सेंटिमीटर. तेवढं तेहेतीसातून वजा करायचं, की झाली नळीची लांबी.

"साडेबत्तीस," ओमकार म्हणाला.

ओमकार म्हणजे वर्गातला पहिला नंबर. सरावाला एकसष्ट. कशेळ्याला बापाचं हार्डवेअरचं दुकान, कर्जतला दोन-दोन क्लास. तो काही म्हणाला की ते बोर्डानेच म्हटलं असं पोरं धरून चालायची, आणि तोही तसंच बोलायचा.

"माजंपन साडेबत्तीस!" देवेशने मांडीवर थाप मारली. "जमलं राव."

"माझंपण तेच," अपेक्षाच्या शेजारी बसलेली हर्षला हळूच म्हणाली. हर्षला तिची कडावचीच मैत्रीण, पहिलीपासूनची.

साडेबत्तीस हा आकडा अपेक्षाच्या ओळखीचा होता. तिचंही पहिल्यांदा साडेबत्तीसच आलं होतं. व्यवस्थित, खाली दोन रेघा मारून. मग शेवटची दहा मिनिटं उरली असताना तिच्या डोक्यात आलं की अरे, नळीची दोन्ही तोंडं उघडी आहेत. मग सूर दोन्हीकडून डोकावणार. मग दीड एकदा नाही, दोनदा वजा करायला पाहिजे. तिने घाईघाईने सगळं खोडलं आणि खाली नवीन उत्तर लिहिलं : तीस.

"तुजं गं?" देवेशने विचारलं.

गप्प बसायला हवं होतं. पण माणूस नको तिथेच खरं बोलतो. "तीस," ती म्हणाली.

"तीस?" देवेश हसला. "पुरं तीस?"

"बोर्ड कधी असं गोल उत्तर देतं का?" ओमकार समजावणीच्या सुरात म्हणाला, आणि तो सूर तर शिवीपेक्षा वाईट. "बोर्डाचं उत्तर दशांशात येतं. पूर्ण आकडा आला की समजायचं, आपलं कुठंतरी चुकलंय. आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलंय."

"दोन्ही तोंडं उघडी होती ना? म्हणून मी दोनदा..."

"अगं एकदाच असतं ते. सगळ्यांनी एकदाच केलंय."

पुढच्या सीटवर गाठोडं मांडीवर घेऊन बसलेल्या सोनुबाई मागे वळल्या. कर्जतच्या दवाखान्यात डोळे दाखवून त्या परत निघाल्या होत्या. "कसली गं नळी?"

"दोन तोंडांची, आजी," हर्षला म्हणाली.

"म्हंजी फुकनी. चुलीतली. तिची लांबी काढाया तीन तास बसवलं तुमाला?" सोनुबाईंना खरंच वाईट वाटलं. "माज्या घरी हाय की. वितीनं मोजून घ्या नि व्हा मोकळं."

"ओ चांगोदादा, काढा ना गाडी," अपेक्षा वैतागून म्हणाली.

"दोन सीटा भरूद्या," चांगो म्हणाला. पेपरच्या वेळेत पोरांचे मोबाइल तोच आपल्या पुढच्या कप्प्यात ठेवून घ्यायचा. त्याने ते एकेक करून मागे दिले. "ह्ये घ्या. नि आता त्याच्यातपन पेपर काढू नका, पाया पडतो."

देवेशने मोबाइल हातात पडताच वर्गाच्या ग्रुपवर टाकलं : नळीचं साडेबत्तीस आलेल्यांनी हात वर करा. आणि हात वर यायला लागले. एक, तीन, पाच. अपेक्षा नको नको म्हणत स्वतःच्या मोबाइलमध्ये बघत राहिली. नऊ. ओमकार, देवेश आणि हर्षलाने टाकले ते धरून अकरा.

"अकरा," देवेशने जाहीर केलं. "अकरा जन चुकतील का गं?"

अकरा जण कसे चुकतील? अपेक्षाला स्वतःच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. बरोबर आलेलं उत्तर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, स्वतःच्या हाताने खोडलं! कुणी सांगितलं होतं शेवटच्या दहा मिनिटांत अक्कल चालवायला? दीड महिना घासून घासून जे मिळवलं ते दहा मिनिटांत घालवलं. तेरा मार्कांच्या पोरीने आपल्याला सुचलं म्हणून लगेच खोडायचं असतं का? आधी आजूबाजूला बघायचं, चार शहाणी माणसं काय करतायत ते. पण नाही. हिला दोन तोंडं दिसली!

"एवढं काय गं मनाला लावून घेतेस," हर्षला म्हणाली. "एकच तर गणित."

"तुला काय जातंय," अपेक्षा फिस्कारली. हर्षला उगाचच ओढणीचं टोक पिळत बसली.

आजचं उद्या करू नकोस, काका म्हणाला होता. ठीक आहे. निकालाची वाट बघत झुरण्यापेक्षा एकदाचं संपवावं. अपेक्षाने मेसेज लिहिला : काका, पेपर गेला. मी कामाला येते. मग दोनदा वाचला आणि पाठवून दिला. पाठवल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो नुसता संताप, आणि तो काढायला जीपमध्ये जागाही नव्हती.

तेवढ्यात भाग्यश्री धावत आली आणि हर्षलाला अपेक्षाकडे सरकवून कडेला बसली. कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. कशेळ्याला उतरून पुढे तासभर चालत जायचं, त्यामुळे ती कर्जतलाच पाण्याची बाटली भरून घ्यायची. परीक्षेला तिचा नंबर पार दाराजवळच्या कोपऱ्यात, बाकी सगळ्यांपासून लांब आला होता.

"भाग्यश्री, नळीचं काय आलं?" देवेशला चैन कुठलं पडायला.

"साडेएकतीस," भाग्यश्री म्हणाली.

जीपमध्ये हशा पिकला. "घ्या! ही तिसरीच तऱ्हा," देवेश म्हणाला. "एकीचं तीस, एकीचं साडेएकतीस. तुमी दोघी बसून एक काय ते ठरवा नि बोर्डाला कळवा."

भाग्यश्री काही हसली नाही, चिडलीही नाही. तिने बाटलीतून दोन घोट पाणी प्यायलं आणि अपेक्षाला म्हणाली, "तुझं कसं काय तीस आलं?"

"सोड ना आता. मी दोनदा वजा केलं. एकदाच करायचं होतं."

"मी एकदाच केलं. तेहेतीसातून दीड काढलं."

"मग साडेबत्तीस यायला पाहिजे."

"साडेबत्तीस कसं येल? साडेएकतीस येतं."

"अगं साडेबत्तीसच येतं! माझं पहिल्यांदा तेच आलं होतं." अपेक्षाने पॅडमधून कागद ओढला, पेनाचं टोपण दाताने काढलं आणि कागदावर ठसठशीत मांडणी केली. तेहेतीस पूर्णांक शून्य, खाली एक पूर्णांक पाच. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून हातचा घेतला. दहातून पाच गेले, पाच उरले. तीनातून एक गेला, दोन उरले. वरचे तीन. "हे बघ. साडेबत्तीस."

भाग्यश्रीने हर्षलाच्या पुढून वाकून कागदावर बोट ठेवलं. "इथून हातचा घेतलास ना? मग ह्ये तीनाचे दोन झाले. दोनातून एक गेला."

अपेक्षा कागदाकडे बघत राहिली. चौथीपासून आई हेच सांगत आली होती, की ही पोरगी हातचा घेते आणि विसरते. पेपरात विसरली, आणि आत्ता जीपमध्ये, उन्हात, शुद्धीवर असताना पुन्हा विसरली. म्हणजे साडेबत्तीस चूकच होतं. दीड एकदा वजा करा नाहीतर दहादा, साडेबत्तीस कधीच येत नाही. ते फक्त हातचा विसरला तरच येतं.

आणि अकरा जणांचं साडेबत्तीस आलं होतं.

ती वळून बसली. "ओमकार, तेहेतीसातून दीड गेले. किती राहिले?"

"साडेएक..." ओमकार सवयीने म्हणून गेला आणि थांबला.

"हां. किती?"

ओमकारने देवेशकडे बघितलं. देवेशने मोबाइलकडे बघितलं.

"तू पेपरात साडेबत्तीस कसं लिहिलंस रं? तुझा पहिला नंबर ना? तुझा हातचा कुठं गेला?"

"घाई होती शेवटी," ओमकार म्हणाला. "होते चूक."

"अकरा जणांची एकच चूक होते? हातचा विसरायची?" तिचा आवाज आता असा चढला की बाहेर पानाच्या टपरीवर उभी असलेली माणसं वळून बघू लागली. "देवेश, तू कसं काढलंस? मांड इथं कागदावर."

"मी कुठं काढलं," देवेशने हात वर केले. त्याला लाजबीज कधीच नसते, हा एक त्याचा गुण. "मी ओमकारचं बगितलं. आमच्या अख्ख्या लाइनीनं ओमकारचं बगितलं. त्यात लपवाया काय? एकसष्टवाला पुढं बसलाय म्हटल्यावर आपन कशाला डोकं चालवा."

"आणि ओमकारने कुणाचं बघितलं?"

ओमकारचे कान लाल झाले. सोनुबाई पुढून म्हणाल्या, "सांग की रं बाबा. आमालाबी कळूदे फुकनी कुनाची ती."

"शेवटची आठ-नऊ मिनिटं राहिली होती," ओमकार पुटपुटला. "माझं ते गणित करायचं राहूनच गेलं होतं. मग हर्षलाच्या पेपरात दिसलं. उत्तराखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. मला वाटलं, एवढ्या खात्रीनं लिहिलंय तर बरोबर असेल."

अपेक्षाच्या हाताखालच्या कागदावर आत्ताच्या उत्तराखालीसुद्धा दोन रेघा होत्या. ती नेहमीच मारायची. तिने शेजारी बघितलं. हर्षला ओढणीत तोंड घालून बसली होती.

"हर्षला."

"तू माझ्या पुढं तर बसली होतीस," हर्षला ओढणीतूनच म्हणाली.

"माझं बघितलंस? माझं? अगं मला तेरा होते! सरांनी अख्ख्या वर्गाला वाचून दाखवले होते!"

"पन तू लिवत होतीस गं," हर्षलाने तोंड वर केलं तर डोळे भरलेले. "आमी सगळे पेनं चावत बसलो होतो नि तू एकटी खाली मान घालून लिवत होतीस. मला वाटलं, हिनं केलाय अभ्यास. मी रेघांसकट उतरवलं. मग सरांनी मला मागच्या पुरवण्या द्यायला लावल्या, तेवढ्यात तू कधी खोडलंस मला कळलंच नाय."

राग यायला हवा होता आणि तो आलाही, सणसणून आला. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याची अपेक्षाला स्वतःलाच लाज वाटली. बरं वाटलं होतं तिला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बघून लिहिलं होतं, आणि तेही पहिल्या नंबरापर्यंत जाऊन पोचलं होतं.

ते बरं वाटणं देवेशने फार वेळ टिकू दिलं नाही. "मग खोडलंस तवा मागं सांगाया काय झालं होतं? एक खुसफूस केली असती तर आमी सगळे सुदारलो असतो."

"खरंच," ओमकार म्हणाला. "चार मार्क गेले माझे. माझी टक्केवारी बसते त्याच्यावर."

आता मात्र अपेक्षाचं डोकं फिरलं. "मी सांगायचं? वर परत मीच? माझं चोरलंत, माझी चूक चोरलीत, मला साधं विचारलंही नाहीत, आणि इथं बसून मला सांगताय की अकरा जण कसे चुकतील! अकरा जण होते कुठं? ते अकराच्या अकरा मी होते! माझंच उत्तर अकरा तोंडांनी मला ऐकवलंत आणि मला खोटं पाडलंत. आणि मी पण अशी गाढव, की ऐकलं!"

चांगोने आरशातून मागे बघितलं. मग उरलेल्या एका सीटची वाट न बघता त्याने गाडी सुरू केली. नऊ वर्षांत रडणाऱ्या पोरी त्याने पुष्कळ बघितल्या होत्या. ओरडणारी ही पहिलीच, आणि तिला स्टँडवर ठेवण्यात धोका होता.

"पन मग तीस बरोबर हाय का?" भाग्यश्रीने विचारलं. एवढ्या गोंधळात कामाचा प्रश्न विचारणारी ती एकटीच.

सगळ्यांनी ओमकारकडे बघितलं, कारण सवय जाता जात नाही. त्याने अपेक्षाच्या हातातून कागद घेतला, नळी काढली, दोन्ही तोंडांना बाहेर एकेक छोटी रेघ ओढली. इतका वेळ तो गणित कुणाकडून घ्यायचं या विचारात होता. स्वतः सोडवायला बसल्यावर त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"दोन्हीकडून येतं," तो शेवटी म्हणाला, एखादा दात काढून द्यावा तसा. "दोन्ही उघडी असली की दोनदा. तीसच बरोबर हाय."

"म्हंजी माझंपन चुकलं," भाग्यश्री म्हणाली.

"तुझं एका पायरीला चुकलं. बाकीच्या पायऱ्यांचे मिळतील तुला," अपेक्षा म्हणाली. आणि मग, बोलता बोलता, तिला आठवलं.

काका!

तिने मोबाइल उघडला. मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या होत्या. काकाने वाचलं होतं. त्याखाली त्याचं उत्तर होतं : शाब्बास. मालकाशी बोललो. नक्की केलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी ये.

माणसाने एवढं तडकाफडकी वागू नये! इतर वेळी काकाला एक मेसेज वाचायला दोन दिवस लागतात. तिने फोन लावला. तो वाजेपर्यंत गाडी उल्हास नदीच्या पुलावर आली होती, आणि जीपमधलं कुणीच आता पेपरबद्दल बोलत नव्हतं.

"काका, मी येत नाय कामाला," ती एका दमात म्हणाली.

"आँ? आत्ता तर लिवलंस येते म्हणून. मालकाला शब्द देऊन बसलोय मी."

"तवा मला वाटलं गणित चुकलं. पन बरोबर हाय. मी सुटते काका. मी पुढं शिकनार."

"कोन म्हनतं बरोबर हाय? सरांनी सांगितलं?"

"नाय. मी म्हनते."

"आनि बाकीच्या पोरांचं काय आलं?"

अपेक्षाने जीपमध्ये नजर फिरवली. ओमकार खिडकीबाहेर बघत होता. हर्षला तिच्या दंडाला हात लावू की नको अशी बसली होती. "त्यांचं चुकलं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

पलीकडे काकाने एक लांब श्वास सोडला. हट्टाला पेटलेल्या पोराला समजावताना सोडतात तसा. "पोरी, सगळी चुकली नि एकटी तूच बरोबर, असं कुटं आसतं का?"

"असतं काका. त्यांनी माझंच बघून लिहिलंय."

काका जपून, एकेक शब्द ठेवत म्हणाला, "तुजं बगून लिवलं. तरी त्यांचं चूक. नि तुजं बरोबर."

"हो."

"अपेक्षा, तू सकाळपासून जेवलीस का गं?"

"नाय जेवले," ती म्हणाली. "आनि कामालापन नाय येत. मालकाला तसं आत्ताच सांगा." आणि काका आणखी काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला.